केसुडा बघायला

फागणात जांबुघोड्याला जायचं
हे ठरलं दांडिया बाजारातल्या भिशीत,
सेव-उसळीच्या दुसऱ्या वाटीवर.
आम्ही सात बायका, एक इको
आणि गाडी चालवणारा नगीन राठवा,
जो हालोल येईतो एक शब्द बोलला नाही.

पावागड मागं पडला आणि रान पेटलं.
म्हणजे, पेटलं असं सगळेच म्हणतात.
मला दिसलं ते वेगळं:
वाळक्या काठ्यांवर कुणीतरी
केशरी चिंध्या वाळत घालून
घरी जायचं विसरलं होतं.

नलूताई म्हणाली, पळस.
नगीन म्हणाला, खाखरो.
फूल केसुडो, झाड खाखरो.
आणि मग तो बोलतच सुटला.
मुळांचे दोर होतात, पानांचे द्रोण,
गोंद बाळंतिणीच्या लाडवात,
फुलांच्या पाण्यानं पोरं न्हाली
की वैशाखात लू बाधत नाही.
सुहासिनी वहीत उतरवून घेत होती.
तिनंच भर घातली:
मुंजीतला दंड. होळीचा रंग. समिधा.
यादी संपली, असं सगळ्यांना वाटलं.

अच्युत बाजव्याहून गाडीत बसला
तेव्हा एकोणीस वर्षांचा होता.
आई ओट्याशी पाठ करून म्हणाली,
जा, कुठंही जा, पळसाला पानं तीनच.
रागात म्हणाली. तेवढंच शेवटचं.

बारा वर्षं झाली, पत्र नाही,
तेव्हा गुरुजींनी सांगितलं,
पळसाचे देठ आणा, तीनशे साठ.
चाळीस डोक्याला, दहा मानेला,
हातांना शंभर.
मोजायला मला बसवलं होतं,
बँकेत होते ना मी.
दर्भानं बांधून बांधून
सहा फुटांचा माझा भाऊ
परातीत मावला.

तीनशे एकोणसाठ भरले होते.
दोनदा मोजले.
गुरुजींनी विचारलं, झाले?
मी म्हटलं, झाले.

आज त्या झाडाखाली उभी राहिले
तर त्याला एकही पान नव्हतं,
तीनसुद्धा नाहीत.
नुसती फुलं, आणि त्यात मुंग्या,
आणि एक सूर्यपक्षी, फार घाईत.
मी पदरात फुलं वेचली.
नातवाच्या बादलीत टाकीन म्हटलं,
सकाळपर्यंत पाणी पिवळं होईल.
देठ गळून पडत होते, तेही उचलले,
का, ते विचारू नका.

उन्हं कलली. नलूताईनं चिवडा वाटला,
कुणाची तरी चप्पल सापडेना, सापडली.
नगीननं आरशात बघून विचारलं,
"बधा आवी गया?"

सुहासिनीनं मोजलं, सात.
हो, चला, म्हणाली.
गाडी हलली,
मांडीवरची फुलं अजून कोमट होती,
आणि मी पुन्हा पहिल्यापासून मोजत होते.