कर्मणी प्रयोग

दांडिया बाजारातल्या मराठी शाळेत, सातवीत,
वर्गात नऊच मुलं उरली होती तेव्हा
कर्णिकबाईंनी फळ्यावर लिहिलं:
मी आंबा खाल्ला. मी पोळी खाल्ली. मी केळं खाल्लं.
"क्रियापद खाणाऱ्याकडे बघतच नाही," बाई म्हणाल्या,
"खाल्लेल्याकडे बघतं."
कुणी मान वर केली नाही.
मी केली.

त्या दिवसापासून घरात शिरताना
आलो नाही, आले नाही.
दप्तर टाकलं, चपला काढल्या, दार लोटलं.
आत कुकरच्या वाफेतून आई विचारायची,
"कोण आलं?"
तिला ठाऊक नव्हतं
किती बरोबर विचारते आहे.

पुढे फाइन आर्ट्सच्या प्रिंट स्टुडिओत जस्ताची प्लेट मिळाली.
मी रेघ ओढली. मी ठिपका दिला. मी आम्ल ओतलं.
पाच वर्षं, काहीतरी करत राहिलं की
कुणाला काही विचारायचं सुचत नाही.
प्लेटवर सगळं उलटं कोरायचं असतं,
ते मला कुणी शिकवावं लागलं नाही.

मग एका उतरायणानंतर
मांजा गुंडाळावा तसे हात गुंडाळले गेले.
उरली कर्म नसलेली क्रियापदं:
उठणं, बसणं, पडून असणं, रडणं.
रडलो की रडले, हे ठरेना,
म्हणून रडणंही कितीतरी आठवडे
घशाशी तुंबलेलं.

कारेलीबागेतल्या मोठ्या दवाखान्यात
केसपेपरवर दोन चौकोन, कारकुनाचं पेन मध्ये अधांतरी.
डॉक्टर पारेख चष्मा पुसत म्हणाले,
"आगळ शुं करशो?"
पुढे.
आपल्या भाषेत एकच काळ असा
जिथं मला लपावं लागत नाही:
येईन. जाईन. राहीन.
नेमका तोच हरवला होता.
त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, सकाळी अर्धी, रात्री एक.

परत येताना बहुचराजीच्या पायरीवर
हंसामासी लसूण सोलत बसलेली.
माझ्या नखांकडे बघून म्हणाली,
"रंग छे के रोग?"
"आम्ल," मी सांगितलं.
तिनं परातीत जागा करून चार गड्डे माझ्याकडे सरकवले.
बराच वेळ दोघांनी नुसता लसूण सोलला.
मग कोरलेल्या कोंबड्याकडे बोट दाखवून,
तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत,
"माताजी बसते ना ह्याच्यावर,
हा काय विचारतो, कोण बसला?"
आणि स्वतःच इतकी हसली
की सालं उडाली.

जानेवारी गेला, मार्चही.
गोळीनं हात कापायचे, तरी
एका रात्री मी प्लेटवर राळेची पूड उडवली,
बसू दिली,
आम्लात जरा जास्तच ठेवली.
सगळी काळी.
मग घासणी घेऊन खालच्या कडेला
तासन् तास घासलं,
घासलं तिथं शाई धरत नाही.
प्रेसचं चाक फिरवलं, ओला कागद उचलला:
अंधार, आणि तळाशी एक उजेडाची चीर,
बंद दाराखाली असते तशी.
देवाचं मला फारसं कळत नाही.
पण त्या फटीपाशी
कुणीतरी उभं होतं, पलीकडून,
आणि त्याला घाई नव्हती.

बाईंनी तेव्हा आणखी एक प्रयोग सांगितला होता,
परीक्षेला दोन गुणांचा, मुलं गाळायची.
भावे.
फळ्यावर एकच शब्द: उजाडलं.
"कर्ता शोधू नका," खडूचे हात झटकत बाई म्हणाल्या,
"नसतोच."

खिडकीत ते झालं.
विश्वामित्रीच्या बाजूनं कुत्री भुंकली, दूधवाल्याची किटली वाजली.
मी कागदाखाली पेन्सिलीनं लिहिलं, एक छेद सात.
सहीची जागा सोडली.
घसा ओला झाला तसा आईला फोन लावला.
"कोण?" झोपेतला आवाज.
"मी," मी म्हटलं.
"रविवारी येईन."