तिसरा आराखडा

पहिल्या आराखड्यात मी व्हेंटिलेटर ठेवला होता,
दालनाच्या मधोमध, वरून एकच दिवा.
समिती खूश झाली.
रात्री घरी आले, लिफ्टमध्ये नाणं टाकलं
आणि वाटलं, खोटं बोलून आलोय आपण.

इथे तिबिलिसीच्या टोकाला, ग्ल्दानीत,
आमच्या इमारतीची लिफ्ट अजून पैसे मागते.
वर जायचे दहा तेत्री, उतरणं फुकट.
त्या वसंतात माणसं नाण्यालाच भ्यायची.
नवव्या मजल्यावरचे म्हातारे जिना चढायचे
बटाट्यांची पिशवी प्रत्येक पायरीवर टेकवत,
आणि दारामागून आम्ही त्यांचा दम ऐकायचो,
दार न उघडता.

हा दम कुठल्या कपाटात ठेवू?

दुसऱ्या आराखड्यासाठी लोकांकडे वस्तू मागितल्या.
एकशे चाळीस मास्क आले, धुतलेले, इस्त्री केलेले,
जणू साथ नव्हती, कुणाचं तरी लग्न होतं.
बसचालक गोचा लेझावा एक किल्ली घेऊन आला.
बस बंद होत्या तेव्हा हा रोज चालत डेपोत जायचा,
आपल्या सीटवर बसायचा,
आरसा पुसायचा, परत यायचा.
"बायकोला वाटायचं, पावाच्या रांगेत उभा आहे."
किल्ली द्यायला तयार,
फक्त हे तिला कळता कामा नये.
आता खालच्या पाटीवर लिहू तरी काय?

मग लामझिरा.
लिफ्टची पेटी तिच्याकडे असते, वीस वर्षं.
रोज रात्री ती सगळी नाणी व्हिनेगरमध्ये उकळायची,
मुरंब्याच्या पितळी पातेल्यात,
आणि सकाळी खिडकीत फडक्यावर वाळत घालायची
डाळीसारखी.
सुटे हवे असले की वरून टोपली सोडायची दोरीने.
आमच्या जिन्यात तेवढीच काय ती देवाणघेवाण.

पातेलं मागायला गेले.
"पांढऱ्या चेरी आल्यात, पोरी. जमायचं नाही."
"पुढच्या महिन्यात?"
"जर्दाळू."
"मग?"
"मग अंजीर. मग बिही. हिवाळ्यात विचार, बघू."
आणि एक बरणी हातात दिली, अजून कोमट.

म्हणून तिसऱ्या आराखड्यात एक फळी रिकामी आहे.
तिच्यावर पाटी: पातेलं कामात आहे.
समितीचे अध्यक्ष म्हणाले, हा विनोद आहे का?
मी म्हटलं, नाही, पत्ता आहे.

व्हिनेगरचा वास ठेवलाय, दारातच.
दोन मीटरच्या खुणाही ठेवणार होते, पण त्या आता
सगळ्यांच्या ओळखीच्या झाल्यात, म्हणून गेल्या.
सहावीतला लुका म्हणतो, त्याला त्या दिवसांतलं
फक्त वरच्या घरात पडलेला चमचा आठवतो,
रोज, साडेअकराला.
तो आवाज मात्र घेतलाय.
खरा चमचा, खरी फरशी, तीच वेळ.

माझी वस्तू यादीत नाही.
बाबांच्या तेराव्यासारखं आमच्याकडेही जेवण असतं,
साठ माणसं, लांब टेबल, मेलेल्याच्या नावाने प्याले,
आणि कुणीतरी हमखास वाइन सांडतं.
आम्ही पाच जण होतो. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी.
साठ माणसांच्या त्या चादरीची घडी मोडलीच नाही.
पांढरी शुभ्र आहे अजून.
तिच्याइतकी डाग नसलेली वस्तू
मला बघवत नाही.

आराखडा काल अभियंत्याकडून परत आला.
लामझिराची बरणी मी त्यावर टेकवली होती,
तिथे चिकट गोल डाग पडलाय.
त्याने तो खांब समजून
बाजूला माप लिहिलंय: व्यास, साडेसात.
मी खोडलेलं नाही.