कलम चार

बस, अफान. दुसऱ्या खुर्चीत फायली आहेत,
त्या काळ्या खोक्यावर बस. मोडत नाही.

चार पानं. वाचलीस?
नाही. मीही वाचलं नव्हतं.
आमचं तर एकच पान होतं.
मिरकरवाड्यात, बर्फाच्या कारखान्यावरची खोली,
खाली क्रशर चालू, आणि मुंबईहून आलेला माणूस
बूट भिजू नयेत म्हणून चवड्यांवर उभा.
इम्तियाजने ड्रमवर कागद ठेवून सही केली,
रोशनने इम्तियाजच्या पाठीवर.
मी शेवटी. पेन माझं होतं.

अठरा हजार, तिघांत मिळून.
त्यातून एक अ‍ॅम्प्लिफायर आला.
दोन पावसाळ्यांत खाऱ्या हवेने आतून खाल्ला.
त्याच्यावरच बसलायस तू.

बँडचं नाव होतं मतलई.
रात्री जमिनीवरून समुद्राकडे सुटतो तो वारा,
होड्या त्याच्यावर बाहेर पडतात.
परत कशा येतात, ते नावात नव्हतं.

गाणं तू ऐकलं असशील.
पाण्याच्या टाकीच्या जाहिरातीत वाजतं,
शब्द काढून, नुसती माझी बेसची ओळ,
वर एक बाई हसत हसत नळ सोडते.
तीच टाकी आमच्या छपरावर आहे.
बायकोने आणली. चांगली आहे, गळत नाही.

लोक म्हणतात, गाणं सोडून वकील झाला.
तसं नाही रे.
मी ते एक पान वाचत होतो.
पाच वर्षं लागली,
नापास झालो ती धरून सात.

आता इथे बघ, कलम चार:
‘कायमस्वरूपी आणि संपूर्ण विश्वात.’
विश्वात!
शनीच्या कड्यांवर कुणी तुझं गाणं लावलं
तरी पैसे अंधेरीत.

हे खोडतो. पाच वर्षं लिहितो, फक्त भारत.
ते नाही म्हणतील.
मग त्यांचा फोन येईपर्यंत
आपण गप्प बसायचं. ते अवघड असतं.
गाण्यातही गप्प बसायची जागा मला कधी सापडली नाही,
इम्तियाज शिव्या घालायचा.

फीचं नंतर.
आधी गाणं लाव. फोनवरच लाव.

थांब. जरा मागे घे.
हे खालून ठकठक येतंय ते काय?
क्रशर?
अजून तोच?

मग हा कुणाच्या नावावर लिहायचा?