धुकं म्हणजे

पान बावीस. अकरा नोव्हेंबर.
माझ्याच अक्षरात, खाली दोन रेघा मारून:
'धुकं म्हणजे'
आणि पुढे काहीच नाही.

तेव्हा बहुतेक घंटा झाली असेल,
किंवा मागून डेक्लनने खुर्चीला लाथ घातली असेल,
किंवा मी बाहेर बघत असेन,
जिथे ग्रिम्झबीच्या गोदीवर खरंच धुकं उतरलं होतं,
क्रेनांची डोकी गिळत;
आणि तेवढ्यात मिस थॉर्ली
अर्थ सांगून मोकळ्या झाल्या.

ईस्टरच्या आधी त्या बाळंतपणाच्या रजेवर गेल्या.
बदलीवर आले ते मुळात भूगोलाचे.
म्हणाले, धुकं म्हणजे जमिनीलगतचा ढग.
वर्ग हसला.
मी ते लिहून घेतलं,
नसल्यापेक्षा बरं.

पेपर उद्या. नऊला.
कादंबरी आत न्यायची नाही.
काळं पेन, पारदर्शक पाऊच,
पाण्याच्या बाटलीचं लेबल नखाने सोलायचं;
न्याल ते आरपार दिसलं पाहिजे.
डोक्यातलं तेवढं दिसत नाही,
म्हणून पावणेदोन तास देतात.

कोरीला मेसेज टाकला: पान बावीस आहे का तुझ्याकडे?
नावाचाच कोरी तो, वही गच्च भरलेली.
फोटो आला: चार रंग, समासात बाण,
घराचं गहाणखत, दिवा, बंद घड्याळ,
सगळ्यांना अर्थ,
आणि धुक्यासमोर, हिरव्या शाईत:
'टेगनला विचारणे.'

साडेदहाला आई आली,
तिच्याआधी जिन्यावर हॅडकचा वास.
फिलेटिंगच्या टेबलाशी दहा तास उभी राहून
तिचे पाय बुटातून निघता निघत नाहीत.
मी विचारलं, आई, धुकं म्हणजे काय?
तिने एक मोजा काढला.
म्हणाली, तुझे आजोबा बोटीवर असताना
आम्ही खिडकीत बसून भोंगा ऐकायचो.
दर दोन मिनिटांनी एक.
वाजला की, आहेत.
नाही वाजला की आजी म्हणायची,
अजून दोन मिनिटं झाली नसतील.
मग दुसरा मोजा.
'हे येतं का पेपरात?'
'नाही बहुतेक.'
'मग झोप.'

झोपले नाही.
कार्डावर लिहिलं, पाठ केलं,
खाडाखोड केली, परत पाठ केलं:
धुकं म्हणजे मोजत बसणं.
दोन वाजता मला ते इतकं पटलं
की भीतीच वाटली.

जिमच्या जमिनीवर बास्केटबॉलच्या रेघा,
रेघांवर टेबलं.
प्रश्न उलटा करून पाहिला:
कादंबरीतल्या बहिणीविषयी लिहा.

बहीण.
पान एकतीस, कंसात:
'बहीण (कोरीकडून घेणे).'
कोरी दोन रांगा पुढे.
त्याचे कान हळूहळू लाल होताना दिसले.

त्या पुस्तकात ती बोलतेच किती?
हिशेब लिहिते. पडदे ओढते.
भाऊ रात्री उशिरा येतो तेव्हा
फक्त विचारते, दार लावलंस का.
एवढं एक वाक्य मला शब्दशः आठवत होतं,
तेही माझ्या आईचं असल्यामुळे.

तेच धरून लिहीत गेले.
की तिला दाराचं काही नसतं.
की ती आवाज ऐकत असते.
भोंगा लिहिला, खोडला;
भोंगा त्या कादंबरीत नाही.
तिसरं पान मागून घेतलं,
हात वर केल्यावर सगळे वळून बघतात तसे बघितलं.
शेवटच्या ओळीत लिहिलं
'ती गप्प राहते, म्हणजे'
आणि पेनं खाली.

आता कुठल्याशा गावात
कुणी अनोळखी माणूस, कपातला चहा गार होईतो,
त्या 'म्हणजे'पाशी थांबेल,
किंवा नाही थांबणार. ढीग मोठा असतो.

बाहेर लख्ख ऊन.
कोरीने लेबल नसलेल्या बाटलीतलं उरलेलं पाणी
डोक्यावर ओतलं आणि म्हणाला,
बघ, धुकं आलंच नाही.