पाहुण्यांची बाजू

व्हर्लिनचा गुडघा बदलला, म्हणून त्याचं तिकीट मला.
त्याची टोपीही. माझ्या कानांवर उतरते.
लव्हॉन म्हणाली, घाल गं, तिला सवय आहे हरण्याची.

अंधारातच एम्स सोडलं.
माझ्या डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या,
तिच्या डब्यात मोहरी भरलेली अर्धी अर्धी अंडी.
कॅन्सस सिटीपर्यंत ती फक्त गुडघ्याबद्दल बोलली,
पुढे फक्त क्वार्टरबॅकबद्दल;
विषय बदललाय हे मला टोपेकाला पोचल्यावर कळलं.

मग टेकड्या लागल्या. नोव्हेंबरचं गवत,
चिंच लावून अर्धवट घासून ठेवलेल्या
तांब्याच्या हंड्यासारखं.
मी मातीच्या प्रयोगशाळेत काम करते,
मला गवताखालची चुनखडी दिसत होती,
इथे नांगर का फिरला नाही ते कळत होतं.
लव्हॉन म्हणाली, बघण्यासारखं काही नाही इथे.

हे मॅनहॅटन न्यूयॉर्कातलं नव्हे.
इथे सगळं जांभळं. पेट्रोलपंप जांभळा, कुत्रा जांभळा,
बाबागाडीतलं पोर जांभळ्या दुपट्यात.
पार्किंगमध्ये लव्हॉनने माझ्या गालांवर
बोटाने पट्टे ओढले, एक पिवळा, एक लाल.
असं बाईने बाईला लावायची आमच्यात रीत आहे,
फक्त कपाळावर,
हे मी तिला सांगितलं नाही.
मीही तिला लावलं.
तिने हनुवटी पुढे केली, अगदी तशीच.

फलकावर दोनच शब्द: घरचे, पाहुणे.
पाहुण्याला आमच्याकडे आधी पाणी विचारतात.
इथे दारातच बाटली काढून घेतली
आणि कोपऱ्यातल्या सगळ्यात वरच्या रांगांत बसवलं,
जिथे वाऱ्याला आडवं यायला कोणी नाही.
आमचा बँडही अर्धाच आलेला.
पन्नास हजार जांभळ्यांपुढे एकटा ट्युबा
चुकीच्या लग्नात जेवायला बसलेल्या माणसासारखा
खाकरत होता.

खेळ मला निम्मा कळतो.
चार प्रयत्न, दहा यार्ड, बाकी ढकलाढकली.
पण तिसऱ्या क्वार्टरात आमच्या एका पोराने
साबणासारखा निसटणारा बॉल छातीशी धरला आणि सुटला,
तेव्हा मी बाकावर उभी होते
आणि ओरडत होते, मराठीत,
पळ रे, पळ मेल्या, मागे बघू नकोस!

पुढच्या रांगेतला जांभळा म्हातारा वळला.
मिशीला प्रेट्झेलचं मीठ.
"जा, परत जा आपल्या घरी!"

लव्हॉनचा हात माझ्या दंडावर आला.
हे वाक्य मला नवं नाही.
एकदा पोस्टाच्या रांगेत, एकदा टायरच्या दुकानात,
एकदा चालत्या ट्रकच्या खिडकीतून.
दर वेळी त्यात एक अख्खा समुद्र असायचा,
तो मीच पोहायचा.

म्हाताऱ्याने श्वास घेतला, वाक्य पुरं केलं:
"आयोवाला!"

आयोवाला.
म्हणजे पाच तासांवर. कापलेल्या मक्याला लागून,
जिथला मोरीचा नळ दोन आठवडे गळतोय,
आणि टपालपेटीवर माझं आडनाव
एक अक्षर चुकवून लिहिलंय.
"जाणारच आहे," मी म्हटलं, "सामना संपला की."
आणि इतकी हसले की टोपी नाकावर आली.
त्याने बायकोला काहीतरी विचारलं.
तिनेही वळून पाहिलं.

एका गुणाने हरलो.
शेवटची किक खांबाला लागली, तो आवाज वरपर्यंत आला.

परतीच्या वाटेवर लव्हॉन गप्प.
मिसूरी ओलांडल्यावर म्हणाली,
पुढच्या वर्षी ते येतील आपल्याकडे. तेव्हा बघू.
आपल्याकडे.
मी म्हाताऱ्याला आमच्या वरच्या रांगांत बसवून पाहिलं,
वाऱ्यात, मिठाच्या मिशीसकट.
आधी पाणी विचारावं, की आधी ओरडावं, ठरेना.

पुऱ्या मऊ पडल्या होत्या. दोघींनी संपवल्या.
व्हर्लिनचा गुडघा तोवर बरा होईल.
टोपी परत करावी लागेल.