पट्टा आणि निळी पट्टी

"टेनिस एल्बो," म्हणाल्या ऋजुता कर्पेबाई,
गंगापूर रोडला, दुसऱ्या मजल्यावर.
म्हटलं, बाई, रॅकेट मी पाहिली ती
दुकानाच्या काचेआडून.
माझ्या हातात सदतीस वर्षं हातोडी.
त्या हसल्या, कोपराच्या बाहेरच्या हाडावर
एक बोट टेकवलं नुसतं,
आणि मी ओरडलो, बाकावरची पोरं बघत राहिली.

मग एक यंत्र दिलं. "दाबा."
उजव्याचा काटा सोळावर थरथरत थांबला.
डावा, ज्यानं जन्मभर फक्त भांडं धरलं,
तो तीस दाखवून मोकळा.
कर्त्या भावापुढे धाकट्यानं ताट सरकवावं,
तसं वाटलं.

पहिला आठवडा पट्टा.
कोपराखाली दोन बोटं सोडून,
गादी हाडावर नाही, मांसावर.
करकचून नको, नाडी बंद होते;
सैल नको, मग तो नुसता दागिना.
एकट्याला बांधता येतो, दातात टोक धरून.
भांडी बाजारात सगळे विचारायचे,
"वडनेरे, हा कसला बाजूबंद?"

दुसरा आठवडा पट्टी. निळी, ताणणारी.
चार तुकडे, कोपराभोवती चौकट,
पतंगासारखी, मध्ये दुखरी जागा मोकळी.
ती एका हातानं लागत नाही.
कुमुद लावायची, चहा गाळण्याआधी,
चष्मा कपाळावर, टोकं गोल कापून,
"हलू नको" म्हणत,
आणि मी हलत नसे.

भट्टीपाशी घामानं कडा सुटायच्या.
चौथ्या दिवशी कातडी लाल, खाज.
पट्ट्याचं तसं नाही, पण त्याला वास येतो,
तांब्याचा, माझा, दोन्ही मिळून.

बाईंनी पुन्हा काटा दाबायला लावला.
पट्ट्यानं बावीस. पट्टीनं साडेबावीस.
"अर्ध्याला आम्ही फरक म्हणत नाही," म्हणाल्या.
मी तांबट आहे.
अर्ध्या सुतानं झाकण बसत नाही.

म्हणून समोरच्या सुलोचनाकाकूंना विचारलं.
त्या ओट्यावर चिंचेनं पितळ घासतात,
डोळ्यांनी आता फारसं दिसत नाही,
पण गल्लीतला प्रत्येक ठोका ओळखतात,
कोण मठारतंय, कोण नुसता आवाज करतंय.
हाताला काय बांधलंय ते सांगितलं नाही.
म्हटलं, काकू, मागचा आठवडा बरा की हा?

त्यांनी लोटा पालथा घातला.
"मागच्या आठवड्यात तू मोजून मारत होतास.
या आठवड्यात मधेच थांबतोस,
पण मारताना विसरतोस."
काय विसरतो, ते बोलल्या नाहीत.
"दोन्ही तुझे ठोके नाहीत बाबा," एवढंच,
आणि पुन्हा चिंच.

ते खरं होतं. थांबायचो तेव्हा
अंगठ्यानं सुटलेली कड परत बसवायचो.
तिथं कुमुदचं बोट फिरलेलं असायचं सकाळी.

आता दोन्ही नाही. बाईंनी व्यायाम दिलाय:
वजन धरून मनगट हळूहळू खाली सोडायचं,
वर घेताना डाव्या हातानं मदत.
डंबेल घेतलं नाही.
अर्धवट घडलेला एक लोटा आहे,
त्यात गंगेचं पाणी, आधी पाव, आता निम्मा.
मोजत मोजत सोडतो, दहापर्यंत,
पाणी काठाला लागू न देता.
सातव्याला कळ येते. आठव्याला शिवी.
नंतर थोडं बरं.

पट्टा खिळ्याला टांगलाय, पुतण्याच्या नजरेसमोर,
त्याला आत्ताच सांगून ठेवलंय.
उरलेल्या निळ्या पट्टीनं कुमुदनं
उधारीच्या वहीचा फाटलेला पुठ्ठा चिकटवला.
तो मात्र घट्ट बसलाय.

काल संध्याकाळी एका घागरीचा गळा मठारला,
पाऊणशे ठोके, नंतर मोजणं सुटलं.
ओट्यावरून काही आवाज आला नाही.
मी बाहेर डोकावलो.
काकू घासायच्या थांबल्या होत्या,
कान गल्लीकडे.
"मार की," म्हणाल्या.