मध्यम श्रेणी

वहीच्या कपाळावर छापलंय :
मरिंबा, एकल, मध्यम श्रेणी.
म्हणजे नवशिक्याला झेपायचं नाही
आणि उस्ताद ढुंकूनही बघायचा नाही.
सत्तेचाळिशीतल्या माझ्या
अगदी मापाचं.

लकडगंजातले आरे रात्री साडेआठला थांबतात.
पुढे तासभर भुसा हवेतून खाली येत राहतो.
तो बसला की मी शटर अर्धं ओढून घेते.
चार काठ्या, एकेका हातात दोन,
टोकांना मीच गुंडाळलेली
जुन्या मफलरची विटकरी लोकर.

दिवसा मी मेडिकलमध्ये कान तपासते.
काचेपलीकडे माणूस, कानांवर हेडफोन.
ऐकू आलं की बटन दाबा, सांगते
आणि सूर बारीक बारीक करत नेते
तो ऐकू आल्याचं सोंग करू लागेपर्यंत.

तिथेच आले चिंधूजी झिलपे मिस्त्री,
चाळीस वर्षं आऱ्याशेजारी उभे राहिलेले.
त्यांचा आलेख डावीकडून नीट चालत आला,
दोन हजारांवर पाय घसरला,
चार हजारांवर विहिरीत.
"पाखरं कमी झाली म्हणा नं, बाई,
सकाळी एकबी बोलत नाही."
मी कागदाची घडी घातली.
पाखरांबद्दल काही बोलले नाही.

हा मरिंबा त्यांच्या हातचा.
मोडीत निघालेल्या पलंगाचं शिसव,
खाली नळाचे करडे पाइप.
पट्टी पोटाकडून खरवडली की सूर उतरतो,
टोकाला घासली की चढतो,
एवढंच मी सांगितलं.
बाकी त्यांचं टकटक करणारं बोट
आणि लाकडाला लावलेला गाल.
वरचं सप्तक मात्र माझ्याकडे सरकवलं :
"हे तुमचं तुम्ही पाहा.
मले इथं निसतं लाकूड आयकू येते."

लाकडाला सूर धरून ठेवता येत नाही.
टोला पडला की विझला.
लांबवायचा तर विचारत राहावं लागतं
दोन काठ्यांनी, भरभर, त्याच पट्टीला,
आहेस ना, आहेस ना, आहेस ना

दुसऱ्या पानावर उजवा हात चढत जातो
आणि डावा तेच उलटं उतरत येतो,
गांधीसागरात काठावरचा दिवा उतरतो तसा,
लांबट, जरा हलता.
तिथे मी दर वेळी चुकते.
बाबांचा फोन, नंतर करते म्हणून ठेवलेला.
धंतोलीतल्या दोन खोल्या,
ज्यांचं भाडं ठरलं, किल्ली मिळाली
आणि राहायला कोणी गेलं नाही.
असलं काहीबाही नेमकं तिथेच दबा धरून बसलेलं.

काल मिस्त्री घरी गेले नाहीत.
समोरच्या गच्चीवर कूलर घरघरत होता,
वाळ्याचा ओला वास शटरखालून आत.
चौकटीवर तळहात टेकून ते उभे राहिले.
मी वाजवत होते,
आणि ते म्हणाले,
"मधातच काहून थांबल्या?"

मी थांबले नव्हते.
अकरा मात्रा उजवा हात एकटाच वर असतो,
डाव्याला काही काम नसतं.
ते मात्र थांबले त्या अकरा मात्रांत,
हललेल्या काठ्यांकडे बघत, अदबीनं,
पाहुण्यांच्या घरी चहाची वाट बघावी तसे.
मग डावा हात आला
आणि त्यांनी मान हलवली. "हं. आलं."

आज त्यांना पोचतं तेवढंच वाजवते आहे.
उजव्या काठ्या पट्ट्यांच्या बोटभर वर,
सगळं बिनचूक, न टेकवता.
टेलिफोन एक्सचेंज चौकात ट्रक गियर बदलतो.
कूलरचं पाणी संपलंय, पंखा कोरडाच फिरतोय.
कोणीतरी गच्चीवरून खाली हाक मारतं
आणि खालून उत्तर येत नाही.
सात. आठ.
इतकी मोठी जागा होती इथे,
मी ती रोज भरून टाकत होते.
नऊ. दहा

डावा हात आधीच पडला.
पुन्हा पहिल्यापासून.